सगळं ऐकणारा डबा

ज्या वस्तूबरोबर पाच स्क्रू येतात आणि भोकं मात्र चारच असतात, त्या वस्तूवर माझा विश्वास बसत नाही. हा डबा घरात आला तेव्हा त्याच्या पिशवीत पाच स्क्रू होते. मी कंपनीच्या माणसाला विचारलं, "पाचवा कशाला?" तो म्हणाला, "असतो एखादा जास्त." वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाला असलं उत्तर देऊ नये. जास्त कोणी काही देत नसतं. जिथे जास्त दिल्यासारखं दिसतं तिथे पारडं उलटं करून बघावं, हमखास मेण चिकटवलेलं सापडतं. मी डबा उलटा करून बघितला. मेण नव्हतं, पण म्हणून काय झालं?

डबा कशाचा ते सांगतो. आमच्या इमारतीत चोवीस घरं. जुन्या इंटरकॉमच्या तारा उंदरांनी खाल्ल्या, म्हणून समितीने बिनतारी फोन घेतले. घरटी एक फोन, जिन्यात मजल्यामजल्यावर एक लुकलुकणारी पेटी, आणि या सगळ्या मंडळींवर देखरेख करायला हा डबा. छोटासा पडदा, खाली बटणं. कोणाच्या फोनला कुठला नंबर, कोणाचा फोन बंद पडला, आणि मुख्य म्हणजे फोनवरचं लाल बटण कोणी दाबलं तर घंटा कुठे वाजायची, हे सारं या डब्यातून ठरवायचं.

खरं तर सगळा खटाटोप त्या लाल बटणासाठीच होता. तिसऱ्या मजल्यावर मोठ्या बाई एकट्या राहतात. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि इमारतीतल्या निम्म्या लोकांचे कान त्यांनी कधी ना कधी पिळलेले आहेत. गेल्या वर्षी त्या न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि दूधवाला येईपर्यंत चार तास तशाच पडून राहिल्या. नंतर विचारलं तर शांतपणे म्हणाल्या, "हाका मारल्या मी. पण सगळ्यांचे टीव्ही मोठे होते." या वाक्याची इमारतीला इतकी लाज वाटली की फोनचा ठराव एकाच बैठकीत मंजूर झाला. आमच्याकडे साधा जिन्यातला बल्ब बदलायला तीन बैठका लागतात.

डबा कोणाच्या घरी ठेवायचा यावर मात्र भरपूर रणकंदन झालं. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "निरीक्षकसाहेबांकडे ठेवा. त्यांचं कोणाशीच पटत नाही, त्यामुळे ते कोणाचीच बाजू घेणार नाहीत." मी उभं राहून आभार मानले आणि भाषणाच्या ओघात असंही बोलून गेलो की यंत्रं मी जन्मभर तपासली आहेत, कंपनीच्या माणसाला दुसऱ्यांदा बोलवावं लागलं तर मला विचारा. घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, ते तुमचं कौतुक नव्हतं." कौतुक तिला कधीच ओळखू येत नाही.

कंपनीच्या माणसाने एका दिवसात सगळे फोन चालू करून दिले. फोनवरून फोनवर बोलायला डबा लागत नाही म्हणे. जाताना, दारात बूट घालता घालता तो म्हणाला, "काका, डबा तेवढा नेटवर्कवर टाकायचा राहिलाय. तीन रकाने आहेत. आयपी पत्ता, सबनेट मास्क, गेटवे. मी आकडे सांगतो, तुम्ही भरा आणि ओके दाबा. मग फोनची यादी दिसेल, लाल बटण कुठे वाजवायचं ते निवडा. झालं."

"मास्क?" मी विचारलं.

"हो, मास्क."

"सरळमार्गी यंत्राला मुखवटा कशाला लागतो?"

त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा घड्याळाकडे बघितलं. "तुम्ही भरा हो फक्त."

मी त्याने सांगितलेले आकडे घाईघाईत पेपरच्या कडेला टिपले. तो गेल्यावर माझ्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवले, पेपरची कड फाडून तिचे बारीक तुकडे केले आणि ते तीन वेगवेगळ्या केराच्या टोपल्यांत टाकले. माझ्या या वहीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. तिच्यात घरातले सगळे गुप्त आकडे आहेत. कपाटाच्या कुलपाचा, बँकेचा, सगळे. पण कुठलाही आकडा लिहिताना मी शेवटच्या अंकात एक मिळवून लिहितो आणि वाचताना एक वजा करतो. वही चोराच्या हाती लागली तर चोर हात चोळत बसणार. ही युक्ती मी जगात कोणाला सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. आता हाताला इतकी सवय झाली आहे की डोकं वापरावंच लागत नाही.

मी डबा मांडीवर घेतला, वही उघडली, रीतसर एकेक वजा करत आकडे भरले. पत्ता त्याने मुकाट घेतला. मास्क घेतला नाही. पडद्यावर लाल अक्षरांत आलं, "मास्क अमान्य." मी पुन्हा भरला. पुन्हा अमान्य. मास्कवर माझा पहिल्यापासून संशय होताच, त्यामुळे मला वाईट वाटण्यापेक्षा थोडा आनंदच झाला. सातव्यांदा अमान्य आल्यावर आनंद ओसरला. आणि नेमक्या त्याच घटकेला अध्यक्षांचा फोन आला.

"काय निरीक्षकसाहेब, जोडला का डबा?"

"हो," मी म्हणालो.

आता हे 'हो' का म्हणालो, याची मी स्वतःशी बरीच चौकशी केली आहे. उद्या होईलच जोडून, मग एका दिवसासाठी उगाच 'नाही' कशाला, असा काहीसा विचार असावा. दुकानदार मला हेच सांगायचे, "साहेब, काटा उद्या दुरुस्त करून घेणारच होतो." मी त्यांच्यावर खटले भरायचो.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला. बराच वेळ संगीत ऐकवून झाल्यावर एक बाई बोलल्या. डब्याच्या पोटावरचा सोळा आकडी नंबर त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतला आणि म्हणाल्या, "हा डबा अध्यक्षांच्या नावावर आहे. त्यांनाच फोन करायला सांगा." अध्यक्षांना कसं सांगणार? मी थोड्या वेळाने पुन्हा फोन केला आणि अध्यक्ष खोकतात तसा खोकलो. त्या बाईंनी अध्यक्षांची जन्मतारीख विचारली. मी सन्मानाने फोन ठेवला.

मग इंटरनेटवाल्यांच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "डबा त्यांचा. नेट आमचं. दोघांच्या मधलं जे काय आहे ते कोणाचं, हे अजून ठरलेलं नाही. तुम्ही अर्ज द्या. इमारतीच्या कागदावर, शिक्क्यासह." शिक्का अध्यक्षांच्या टेबलाच्या खणात असतो. मी शिक्क्याशिवाय अर्ज दिला, तो त्याने शिक्क्याशिवाय परत दिला. संध्याकाळी मात्र मोबाइलवर निरोप आला, "आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. समाधानी असल्यास एक दाबा." असमाधानी असल्यास काय दाबायचं, किंवा कोणाचं, हे दिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी मला वाटलं, आपण यंत्राकडे अनुभवी माणसासारखं बघतच नाही आहोत. बिघडलेला वजनकाटा आतून बारीक कुरकुरतो. मी डबा टेबलावर ठेवला, वाकलो आणि त्याला कान लावून डोळे मिटून बसलो. किती वेळ बसलो कोण जाणे. डोळे उघडले तर उघड्या दारात समोरच्या वहिनी उभ्या होत्या. त्यांच्या हातात आमची काल नेलेली वाटी होती. त्यांनी डब्याकडे बघितलं, माझ्या कानाकडे बघितलं, वाटी हळूच जमिनीवर ठेवली आणि मागच्या पावली निघून गेल्या.

दुपारपर्यंत इमारतीच्या चोवीसही घरांत एकच बातमी होती. डब्यातून सगळ्यांचं बोलणं ऐकू येतं, आणि निरीक्षक सकाळपासून कान लावून बसलेले असतात.

लोक किती संशयी असतात हो! मला जन्मभर लोक संशयी म्हणत आले, पण मी निदान पुरावा बघतो. कोणी फोन पिठाच्या डब्यात ठेवला, कोणी त्याच्यावर उशी बांधली. लोक फोन सोडून जिन्यात येऊन कुजबुजायला लागले, पण जिन्यात त्या लुकलुकणाऱ्या पेट्या, म्हणून मग गच्चीवर जायला लागले. गच्चीवर इतकी गर्दी व्हायला लागली की तिथे कोणालाच खासगी बोलता येईना. मी जिन्यातून जायला लागलो की बोलणं तोडल्यासारखं थांबायचं. कोणीतरी मोठ्याने "आज ऊन आहे नाही?" म्हणायचं, आणि सगळे गंभीरपणे ऊन आहे म्हणायचे.

यावर एक उपाय होता. सरळ सांगून टाकायचं की बाबांनो, डबा जोडलेलाच नाही, मला ते जमलेलं नाही. पण विचार करा, कान लावणारा निरीक्षक म्हणवून घेणं वाईट की तीन रकाने न भरता येणारा निरीक्षक म्हणवून घेणं? मी बराच विचार केला. पहिल्यात निदान कर्तबगारी होती.

आणि मग लोक घरी यायला लागले.

पहिले आले दुसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य. खुर्चीच्या टोकावर बसले. "साहेब, मंगळवारचं तुम्ही ऐकलंच असेल," ते म्हणाले. मी काहीच बोललो नाही. गप्प बसलो की समोरचा बोलतो, हे आमच्या खात्याचं पहिलं सूत्र. "ते दात वाकडे बसले त्यात माझी चूक होती, हे मी फक्त बायकोला सांगितलं होतं. अध्यक्षांना नका सांगू. त्यांना वाटतं त्यांचा जबडाच वाकडा आहे." दुसऱ्या दिवशी समोरच्या वहिनी आल्या. त्यांनी आधी वाटीबद्दल माफी मागितली आणि मग म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्यापासून काय लपणार? तळघरातल्या मांजरीला दूध मीच घालते. बंदीचा ठराव मांडणारीही मीच, पण तेव्हा तिला पिल्लं नव्हती हो." तिसऱ्या दिवशी खुद्द अध्यक्ष. पाण्याच्या टाकीमागे जी सिगारेटची थोटकं सापडतात, ज्यांच्यावरून त्यांनी भर बैठकीत वॉचमनला झापलं होतं, ती त्यांचीच होती. "तुम्ही ऐकलंत तेव्हा बोलला नाहीत," ते माझा हात दाबत म्हणाले, "हा तुमचा मोठेपणा."

मी काय करायला हवं होतं ते मला कळतं. मी ते केलं नाही. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायला लागलं होतं. निवृत्त झाल्यापासून माझ्यापुढे कोणी खुर्चीच्या टोकावर बसलं नव्हतं.

घरात मात्र वेगळंच चाललं होतं. बायको माझ्याशी मोजकं बोलायला लागली होती. तळमजल्यावर शिवणवर्ग चालवणारी तिची मैत्रीण आहे, तिच्याशी ती रोज फोनवर तासभर बोलायची, ते बंद झालं. फोन खुंटीला टांगून त्यावर टॉवेल टाकलेला. इमारतीची बैठक ठरली होती, तिच्या आदल्या संध्याकाळी मी जेवत असताना ती ताटासमोर येऊन बसली, खुर्चीच्या अगदी टोकावर.

"तुम्ही ऐकलंच असेल," ती म्हणाली. "म्हणून मीच सांगते. मी तिला म्हटलं होतं की ह्यांना दिवसभर कोणावर तरी संशय घ्यायला लागतो. आधी दुकानं होती. आता दुकानं संपली, मी उरले."

मी ऐकलं नव्हतं. ऐकलं नव्हतं हे सांगायचं तर डबा चालत नाही हे सांगावं लागत होतं. तिला, जिच्यासमोर मी सकाळ-संध्याकाळ डब्याची बटणं दाबून "हं, ठीक चाललंय" असं पुटपुटत होतो. मी म्हणालो, "मीठ कमी आहे." ती उठून गेली. मीठ अगदी बरोबर होतं.

बैठक तळमजल्याच्या दालनात. मोठ्या बाई पहिल्या रांगेत काठी घेऊन बसल्या होत्या, बायको दुसऱ्या रांगेत शिवणवर्गवालीच्या शेजारी. पहिला विषय डबा. दंतवैद्य उठले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "निरीक्षकसाहेबांबद्दल आदर आहे. पण एका माणसाच्या हातात सगळ्यांचं बोलणं असणं योग्य नाही. डबा काढून घ्यावा." वहिनींनी अनुमोदन दिलं. अध्यक्षांनी मला विचारलं, "तुम्हाला काही म्हणायचंय?"

मी उभा राहिलो. तोंड उघडलं. म्हणणार होतो की आरोप पुराव्यानिशी सिद्ध करा. तेवढ्यात काठी दोनदा जमिनीवर आपटली.

"मला एक विचारायचंय," मोठ्या बाई म्हणाल्या. "अकरा दिवस झाले. रोज सकाळी दहाला मी लाल बटण दाबते. चालतंय का बघावं म्हणून. पहिल्या दिवशी कोणी आलं नाही, वाटलं बाहेर गेले असतील. दुसऱ्या दिवशी वाटलं आंघोळीला गेले असतील. तिसऱ्या दिवसापासून मी वाटणं सोडून दिलं, नुसती दाबत राहिले." मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, खरंच कुतूहलाने. "निरीक्षक, तुम्ही सगळ्यांचं ऐकता म्हणे. मग माझंच कसं ऐकू येत नाही?"

मला आयुष्यात कित्येकदा राग आला आहे, अपमान वाटला आहे, पण इतकी लाज कधीच वाटली नव्हती. अकरा दिवसांत एकदाही मला ती न्हाणीघराची फरशी आठवली नव्हती. त्यांनी खरंच पडून ते बटण दाबलं असतं तर मी खाली डबा मांडीवर घेऊन दंतवैद्याची गुपितं ऐकत बसलेला सापडलो असतो.

"डबा चालूच नाही," मी म्हणालो. "मला जोडता आला नाही. अध्यक्षांना मी खोटं सांगितलं. मी कोणाचंही, काहीही ऐकलेलं नाही. चूक माझी आहे, बाई."

पुरता निर्दोष सुटलो आणि त्याच वाक्यात पुरता बुडालो. मग दंतवैद्य सावकाश म्हणाले, "म्हणजे मंगळवारचं..."

"नाही."

ते बसले. वहिनींचा हात तोंडाकडे गेला. अध्यक्ष आपल्या वाकड्या दातांवरून जीभ फिरवत खिडकीबाहेर टाकीच्या दिशेने बघायला लागले. सगळ्या दालनात माणसं मनातल्या मनात उजळणी करत होती की आपण यांना काय काय सांगितलं. शेवटी वहिनी फुटल्याच. "ऐकलं नव्हतं, तर मग बसून ऐकून का घेतलंत?"

मी चपला शोधायला लागलो.

घरी आल्यावर बायकोने काही न बोलता वही काढली, डबा पुढ्यात घेतला आणि चष्मा लावला.

"पेपरवर टिपून घेतलंत तेव्हा एक मिळवला होता?" तिने विचारलं.

"तुला... हो. हाताला सवय आहे."

"आणि वहीत उतरवताना?"

"हो, मग? वहीचा नियमच तो."

"आणि डब्यात भरताना वजा किती केलेत?"

दोनदा मिळवून एकदाच वजा केला होता. चोर काय, खुद्द मालकच हात चोळत बसला होता. तिने तोवर तिन्ही रकाने भरलेसुद्धा. मास्क मान्य झाला. पडद्यावर एकेक करून चोवीस फोन उमटले. तिने मोठ्या बाईंचा फोन निवडून डबा माझ्यापुढे सरकवला. "लाल बटण कुठे वाजवायचं ते तुम्ही भरा." मी आमचं घर निवडलं आणि ओके दाबलं.

"तुला वहीचं कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं.

"कपाटाचं कुलूप मी रोज उघडते. ते काय वासावरून?" ती म्हणाली. मग वही मिटत म्हणाली, "काल मीठ बरोबर होतं."

"हो," मी म्हणालो. "आणि तू शिवणवर्गवालीला जे सांगितलंस तेही." ती हसली, अकरा दिवसांत पहिल्यांदा. उठून तिने खुंटीवरच्या फोनवरचा टॉवेल काढला.

मोठ्या बाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, "उद्या दहाला बघू."

दुसऱ्या दिवशी मी पावणेदहापासून डब्यासमोर बसलो. दहाच्या ठोक्याला डबा असा काही किंचाळला की मी चपला न घालताच पळालो, मग फरशी गार लागली म्हणून परत येऊन घातल्या आणि पुन्हा पळालो. तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा माझ्या छातीचा भाता झाला होता. मोठ्या बाई दार उघडून उभ्या होत्या. एका हातात काठी, दुसऱ्यात मनगटी घड्याळ.

"आलात," त्या म्हणाल्या.

एवढंच. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी कुठेही गेलो तरी माझ्या येण्याने कोणाला बरं वाटलं नव्हतं.

"तीन मिनिटं," घड्याळ बघत त्या म्हणाल्या. "त्यातलं एक मिनिट दुसऱ्या मजल्यावर उभे होतात. चपलांचा आवाज थांबला होता."

"दम लागला, बाई."

"दम खायला दंतवैद्याचंच दार सापडलं?"

मी खाली बघितलं. दारामागे दंतवैद्य बायकोशी माझ्याबद्दलच काहीतरी बोलत होते. चांगलं की वाईट एवढं तरी कळावं म्हणून जरा थांबलो होतो, एवढंच. बाईंनी माझ्याकडे रोखून बघितलं. आता कान पिळणार असं मला खरोखर वाटलं. मग त्यांनी जिन्यात वर बघितलं, खाली बघितलं, मला बाहीला धरून आत ओढलं आणि दार लोटून घेतलं.

"काय म्हणत होता?" त्यांनी हळूच विचारलं.